कादंबरीतल्या पोरीचा हेवा

आई,

गेल्या आठवड्यात खडेबाजारात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर तू सांगायचीस ती कादंबरी दिसली. कव्हर वेगळं होतं, नाव तेच. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझी मुलगी नोकरीला लागली, तरी एका पुस्तकातल्या पोरीवर मी अजून जळते, याचं माझं मलाच नवल वाटलं. पुस्तक घेतलं आणि टिळकवाडीत घरी आले.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तू कामाला होतीस. तिथल्या बायकांत वाचता येणारी तू एकटीच. वाचनालयातली कादंबरी संध्याकाळी दारात बसून वाचायचीस आणि दुसऱ्या दिवशी वखारीत सांगायचीस. शाळेला सुट्टी असली की मी बरोबर यायचे. अजून दिसतं, नाकावर पदर बांधून तुम्ही सगळ्या तंबाखू निवडताय आणि पदराआडून तुझा आवाज येतोय. कुणी शिंकलं की तू थांबतेस, मग पुढं सांगतेस. ही कादंबरी तुझी सगळ्यांत लाडकी. त्यातली पोरगी बापाशी खोटं बोलून पळून जाते, तिच्यामुळं धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडतं, आणि ज्याच्यासाठी ती पळाली तो घरच्यांच्या धाकानं तिला भाड्याच्या खोलीत सोडून जातो. एकदा एक मावशी वैतागून म्हणाली, "असल्या पोरीचं काय ऐकायचं गं?" तू म्हणालीस, "चुकली ती. पन मनानं वाईट न्हाय. आन् त्यो बी निस्ता भित्रा हाय." इतकं मऊ बोलणारी तू, घरी माझी वेणी सैल झाली तरी टपली मारायचीस. तेव्हापासूनच ती पोरगी माझ्या डोक्यात बसली.

मग मीच चिकोडीच्या मुलाशी लग्न करायचं म्हटलं. जैनांचा मुलगा, घरात कन्नड बोलणारा. तू चुलीपुढं होतीस. म्हणालीस, "त्येंची भाषा येगळी, खानं येगळं. उद्या रडलीस तर तुझं रडनं तरी कळंल का त्येंस्नी?" मी म्हटलं, "त्या कादंबरीतल्या पोरीचं रडणं बरं कळतं तुला." तू मान वर केली नाहीस. "ती पुस्तकातली हाय. तू माझी हाईस." हे वाक्य मी कितीतरी वर्षं शिवीसारखं मनात ठेवलं.

लग्नानंतर काही महिन्यांनी मी निपाणीला आले. दार आतून लावलेलं होतं, पण तुझ्या बांगड्या वाजल्या. मी हाक मारली. आतून तुझाच आवाज आला, "घरात कुनी न्हाय." मी पायरीवरूनच बसस्टँडवर परत गेले.

पुढं वखारीतली तीच मावशी मला चिकोडीच्या बाजारात भेटली. म्हणाली, "तू येऊन गेलीस न्हवं, त्येच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या आईनं ती गोष्ट परत सांगितली. शेवट कवाच सांगत न्हवती, त्यो बी सांगितला. पोरगी माघारी येती. आई दार उघडती, काय इचारत न्हाय, तवा ठेवती. म्हनती, बस, आदी जेव, मागनं बोलू. आमी समद्या रडलो बघ." मावशीला वाटलं, मला बरं वाटेल. मी भर बाजारात पेटले. त्या पोरीला गरम भाकरी, आणि मला बंद दार. त्याच साली तू तापानं गेलीस, ते भांडण तसंच राहिलं.

म्हणून ती कादंबरी मी कधी हातात धरली नव्हती. परवा मुलीनं आधी उचलली आणि निम्म्यात टाकली. "मम्मी, हा हिरो म्हणजे नुसता रेड फ्लॅग आहे. आणि हिरोईनसुद्धा कमी नाही. बहिणीची एकदा तरी चौकशी करते का बघ." तिचं खरं होतं. मग मी वाचली. एका पानावर त्या पोरीचा संताप यायचा आणि पान उलटलं की कीव. तो तिच्या खोलीखाली येऊन वर न जाताच परत फिरतो, तिथं त्याला बखोटीला धरून जिन्यावर चढवावंसं वाटलं. तुला ही माणसं का आवडायची ते कळत होतं, आणि कळत होतं म्हणून राग जास्तच येत होता.

शेवटच्या प्रकरणात ती माघारी येते. ते दार उघडलेलं मला बघायचं नव्हतं, तरी वाचत राहिले. दार उघडलंच नाही. आई खिडकीतून बघते आणि आत निघून जाते. पोरगी फाटकातून मागं फिरते, तिथं कादंबरी संपते. पान फाटलंय का म्हणून मी शिवण तपासली. पानं सगळी होती. तवा, भाकरी, ते 'आदी जेव', सगळं तुझं होतं. मला दारातून परत पाठवल्यावर तू ते घातलं होतंस.

आता तरी हेवा जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. दार तू उघडलंस, पण तिला. वखारीतल्या बायकांनी ते तुझ्या तोंडून ऐकलं, मी ऐकलं नाही.

संध्याकाळी मुलीनं विचारलं, "शेवटी काय होतं गं?" मी पुस्तक मिटलं आणि तू जोडलेला शेवट सांगितला. ती म्हणाली, "चला, आई तरी बरी निघाली."

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तो शेवट सांगताना मी त्या पोरीचं नाव एकदाही घेतलं नाही, नुसतं 'लेक' म्हटलं.