गावतळ्यावरची चाळ

भावनगर,
९ फेब्रुवारी १९९७

ती. दिवाळीबेनच्या पायाशी धाकट्या शामळचा सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे खुशाल. शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरात माझी अडगळ झाली आहे, असं तुझी भाभी तोंडावर म्हणते. म्हणून एक उद्योग काढला आहे. आयुष्यभर पोरांना साऱ्या जगाचा भूगोल शिकवला, पण ज्या चाळीत जन्मलो त्या वेलजीपऱ्याबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. ते पुस्तक मी लिहिणार. आपली कापडमिल बंद पडली, जुनी माणसंही एकेक करून चालली. आता नाही लिहिलं तर कधी?

तू एवढंच कर. ओट्यावर सगळ्यांना बोलतं कर. मिल यायच्या आधी तिथे काय होतं, आपली चाळ कशी उठली, जे ऐकशील ते जसंच्या तसं कळव. माणसाच्या पोटातलं काढून घेण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा,
शामळ

वेलजीपरा, अमदावाद,
२ मार्च १९९७

चि. शामळ यास दिवाळीबेनचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ओट्यावर मोठ्याने वाचलं. अमथाभाई वणकरांचा मुलगा आपल्यावर पुस्तक लिहितोय म्हटल्यावर म्हाताऱ्यांच्या अंगातच आलं. इस्माइलचाचा विचारत होते, माझ्या डब्यातला रोटला पळवायचा तोच ना हा शामळ? मग तेही लिही म्हणावं.

पण खरी गंमत शेजारच्या रेवामांनी सांगितली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा इथे चाळ नव्हतीच, गावतळं होतं. त्या तिथे पाणी भरायच्या, कडेला म्हशी डुंबायच्या. मग मिल आली. तिने बॉयलरसाठी तळं उपसलं, कोरडं पडल्यावर त्यात वर्षानुवर्षं बॉयलरची राख ओतली आणि त्या राखेवर विणकरांसाठी खोल्या बांधल्या. आपल्या घरची फरशी दर पावसाळ्यात का खचते, ते आता कळलं! बापुजी बिचारे गवंड्याला शिव्या देत गेले.

आणखी एक चांगली बातमी. मिलची जमीन सुवर्णधाम नावाच्या बांधकाम कंपनीने घेतली आहे. त्या जमिनीवरच्या जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत खोली द्यायची, असा सरकारी हुकूम आहे. रेवामा खूश आहेत. म्हणतात, लिफ्टने वर जाऊन राहिलं की देवाचं बोलावणं आल्यावर फार चढायला नको.

माझा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं काय लिहू? राखीला ये.
तुझी,
दिवाळीबेन

वेलजीपरा,
२१ नोव्हेंबर १९९७

चि. शामळ यास आशीर्वाद. वि. वि.

नव्या खोल्यांवरच्या हक्कासाठी काल सरकारी कचेरीत आमच्या चाळीची सुनावणी झाली. सगळे लग्नाला निघाल्यासारखे धुतलेले कपडे घालून गेलो होतो. कंपनीचा वकील उठला आणि त्याने एक पुस्तक वर धरलं. त्यावर तुझं नाव होतं. पुस्तक छापून झाल्याचं तू मला कळवलंही नाहीस, शामळ.

त्याने त्यातला तळ्याचा नकाशा सुनावणीच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवला. म्हणाला, ही चाळ मिलच्या जमिनीवर नाहीच, सरकारी तळ्यावर आहे. तेव्हा हे मिलचे भाडेकरू नव्हेत, अतिक्रमण करून बसलेले लोक आहेत, यांना खोल्या कशाच्या? मग तो वाचू लागला. म्हशी, बॉयलरची राख, खचणारी फरशी. सगळी माझीच वाक्यं. पहिल्याच पानावर सुवर्णधामचे आभार.

बाहेर आल्यावर इस्माइलचाचांनी विचारलं, बेटी, घरातलं हे यांना सांगितलं कुणी? मला मान वर करता येईना.

तुला ठाऊक होतं का? एवढंच लिही.
दिवाळीबेन

भावनगर,
३० नोव्हेंबर १९९७

ती. दिवाळीबेनला सा. न. वि. वि.

ठाऊक होतं असं नाही, आणि नव्हतं असंही म्हणवत नाही. पुस्तक छापायला कुणी तयार नव्हतं. कंपनीचे साहेब घरी आले, मला गुरुजी म्हणाले, खर्च आमचा म्हणाले. तळ्याचा नकाशा तेवढा मोठा छापा, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मनात पाल चुकचुकली होती. पण बेन, पुस्तकात एक अक्षर खोटं नाही. तळं होतं ते होतंच. कुणाची सोय पाहून का इतिहास लिहायचा?

तू काळजी करू नकोस. तुझ्यापुरती एक खोली देण्याचा शब्द साहेबांनी मला दिला आहे. चाळीत बोलू नकोस. सोबत पुस्तक पाठवतो.

रागातही माया ठेव.
शामळ

वेलजीपरा,
६ जानेवारी १९९८

शामळ, वि. वि.

निकाल कंपनीच्या मनासारखा लागला. संक्रांतीचं उत्तरायण झालं की खोल्या रिकाम्या करायच्या. खारी नदीच्या पलीकडे पत्र्याच्या शेडी दिल्या आहेत, मी सगळ्यांबरोबर तिथे जाते आहे. ती खोली तुझ्या साहेबांनाच लखलाभ.

तळ्याची गोष्ट मीच तुला कळवली, हे मी ओट्यावर सांगून टाकलं. इस्माइलचाचा उठून गेले. ईदला त्यांच्या घरून दरवर्षी शीरखुर्मा येतो. यंदा येईल असं वाटत नाही.

रेवामांनी मात्र पुस्तक पाहायला मागितलं. माझं नाव कुठे आहे ते दाखव, म्हणाल्या. त्यांना वाचता येत नाही, हे तुला माहीत आहे. मी तळ्याचं पान काढलं. तिथे तू लिहिलं आहेस, एका स्थानिक वृद्धेच्या सांगण्यानुसार. बाकीची पानंही चाळून पाहिली. त्यांचं नाव कुठेच नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या. नकाशाखाली तुझं नाव छापलं आहे. मी त्यांचं बोट धरून त्या नावावर ठेवलं आणि म्हटलं, हे बघा.

त्यांनी पुस्तक डोळ्यांना लावलं. शामळ शंभर वर्षं जगो, असं तुला कळवायला सांगितलं आहे. तेवढ्यासाठी हे पत्र लिहिलं.
दिवाळी