लोकेशन आपोआप जातं

५ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण मोठं आहे. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संघटनेचा एक मसुदा माझ्याकडे तपासायला आलाय. विषय : संकटात सापडलेला माणूस मोबाइलवरून मदतीचा फोन करतो, तेव्हा त्याचं लोकेशन कंट्रोल रूमपर्यंत कसं पोचावं. प्रसिद्ध होण्याआधीची शेवटची तपासणी. अभिप्राय सोळा तारखेपर्यंत. उद्या जगभरच्या ऍम्ब्युलन्स ज्या नियमानं धावणार, तो नियम आत्ता चौसाळ्यात, हायवेला लागून, अप्पांच्या किराणा दुकानाच्या माडीवर माझ्या लॅपटॉपमध्ये आहे.

शिवानी शाळेच्या वह्या तपासत होती. तिला सांगितलं. तिनं विचारलं, "तुम्हालाच कावून निवडलं?" म्हणालो, त्यांनी मेलवर विचारलं होतं कुणाला वेळ आहे, मी सगळ्यांत आधी हात वर केला. ती म्हणाली, "म्हणजे निवडलं न्हाई." बायकोला बारकावे समजावत बसायला वेळ नाही.

निश्चय : रोज पहाटे उठून दोन सेक्शन.

६ जानेवारी, मंगळवार

पहाट हुकली. थंडी लई. नाश्त्यानंतर पहिलं सेक्शन उघडलं आणि दुसऱ्याच ओळीत स्वल्पविराम चुकलेला सापडला. एवढ्या मोठमोठ्या इंजिनिअरांच्या नजरेतून सुटला होता. आत्मविश्वास वाढला.

पद्धत ठरवली. मुद्द्यांचे तीन वर्ग करायचे : गंभीर, साधारण, किरकोळ. घरालाही हीच पद्धत लावली तर डोकं शांत राहील. उदाहरणार्थ, सिलिंडर संपत आलाय : साधारण. अप्पांच्या हातून चहाचा कप सुटला, दुकानभर काचा : किरकोळ.

८ जानेवारी, गुरुवार

सकाळी अप्पा पूजेला बसले होते. इष्टलिंग डाव्या तळहातावरून घसरलं. नशीब, मांडीवर पडलं, खाली नाही. असं त्यांच्या जन्मात झालेलं नाही. बराच वेळ ते नुसते तळहाताकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "बसवेश, ह्यो हात माझा न्हाई वाटायला." आणि म्हणाले, शिवानीला बोलू नको.

नाही बोललो. वडिलांचा शब्द मोडत नसतो. थंडीनं हात बधिर होतातच. माझीही बोटं कीबोर्डवर आखडतात.

नंतर खिडकीतून दिसलं. अप्पा दुकानाचं शटर एका हातानं वर ढकलत होते. अर्ध्यावर थांबले. तसेच खाली वाकून आत गेले.

सेक्शन दोन अर्धं झालं. अर्धं म्हणजे सुरुवात चांगली.

१० जानेवारी, शनिवार

सिदू आला होता. आमच्या मागच्या रानात त्याची मेंढरं बसलीत. खाली दुकानात तंबाखूची पुडी घेऊन जिना चढून थेट माझ्या खोलीत. असं तो कधी करत नाही. दारात उभा राहून म्हणाला, "अप्पाचं बोलणं आज जड यायलंय. मी पुडी मागितली, ते काय बोलले मला उमगलंच न्हाई."

मी सांगितलं, नवी कवळी बसवलीय, सवय व्हायला वेळ लागतो.

तो म्हणाला, "कवळी तर काउंटरवर काढून ठेवलीय त्यांनी."

मग बरोबर आहे. कवळी नसली की बोलणं जडच येणार.

 सिदूनं स्क्रीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि गेला. ह्या लोकांना मोकळ्या रानाची सवय. घरातली शांतता त्यांना भीतीदायक वाटते.

११ जानेवारी, रविवार

शिवानीला कळलंच. सिदूच्या बायकोनं, बायडाबाईनं सांगितलं. शिवानी म्हणाली, आत्ताच्या आत्ता अप्पांना बीडला दाखवा. मी म्हणालो, रविवारी मोठे डॉक्टर नसतात. उद्या नेतो.

घरात वाचन होईना म्हणून मोटरसायकल काढून पालीला गेलो, बिंदुसरेच्या धरणावर. पाणी एकदम स्तब्ध. एक पक्षी सारखा एकाच जागी बुडी मारत होता, बाहेर वेगळीकडे निघत होता. त्याचे फोटो काढले. बॅटरी उतरत चालली म्हणून लोकेशन वगैरे सगळं बंद केलं. वाचन झालं नाही, पण मसुद्याकडे बघण्याची दृष्टी आली.

घरी आल्यावर शिवानीचा प्रश्न : पालीपर्यंत गेलात, मग तिथनं बीड किती लांब होतं? अप्पांना गाडीवर मागं बसवता आलं नसतं का?

तिच्या बोलण्यात तर्क असतो. प्राधान्यक्रम नसतो.

१३ जानेवारी, मंगळवार

काल बीड राहिलं. ऑफिसची ऑनलाइन मीटिंग होती. आज भोगी, दुकानात तीळ-गुळाला गर्दी. उद्या संक्रांत. शनिवारी नक्की. शिवानीनं फोन करून शनिवारची सकाळची वेळ घेतलीसुद्धा.

सेक्शन सात उघडलं. लांबलचक. फोनमधलं लोकेशन जुनं असेल तर काय, किती जुनं चालेल, ते जुनं आहे हे फोन घेणाऱ्याला कळणार कसं. ज्यानं लिहिलंय तो स्वभावानं घाबरट दिसतो. लोकेशन आपोआप जातं. ते काम फोनचं आहे, माणसाचं नाही. दोन परिच्छेद चाळले आणि पुढे गेलो. शेवटी परतून बघू.

मसुद्यावर काम करणाऱ्या गटाच्या मेल-यादीवर मेलचा पाऊस पडतोय. माझा अभिप्राय निष्पक्ष राहावा म्हणून एकही उघडली नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. अप्पांना तिळगूळ दिला. तो ओठांच्या एका कोपऱ्यातून बाहेर आला. त्यांना ते कळलं नाही. शिवानीनं पदरानं पुसलं आणि तिथंच म्हणाली, उद्या मी रजा टाकते, मी नेते अप्पांना.

अप्पांनी हात हलवून नको म्हटलं. सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "शनवारी बसवेश नेणारय. त्यानं सांगितलंय. तो हाय ना घरात."

अप्पा माझ्या बाजूनं बोलले. बरं वाटलं. शिवानी त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. तेही वाचनाला उपयोगी.

१६ जानेवारी, शुक्रवार, सकाळ

शेवटचा दिवस. शिवानीचं पाटोद्याला ट्रेनिंग. निघताना दोनदा म्हणाली, अप्पांकडं लक्ष ठेवा. ठेवतो म्हणालो. दर थोड्या वेळानं खाली चक्कर मारायची असं ठरवलंय. पण आधी अभिप्राय. फोन सायलेंट, कानाला हेडफोन, दार बंद. जगाच्या मदतीच्या हाका ज्यातून जाणार, त्याला एवढी शांतता तर द्यायला हवी.

दुपार

पाठवला. किरकोळ मुद्दे भरपूर, बहुतेक स्वल्पविरामांचे. साधारण, एक. गंभीर : नाहीत. निष्कर्ष : मसुदा प्रसिद्ध करण्यास योग्य.

आता खाली जातो.

संध्याकाळ, बीड, हॉस्पिटल

अप्पा आत आहेत. मी बाहेर बसून लिहितोय.

दार उघडलं तेव्हा सिदू जिन्यात होता. तो दार वाजवत होता म्हणे. हेडफोनमुळे ऐकू आलं नाही. अप्पा काउंटरच्या मागे साखरेच्या पोत्यांना टेकून बसले होते. तोंड उजवीकडं ओढलेलं होतं. डावी बाजू नुसती लोंबत होती. उजव्या हातात मोबाइल. स्क्रीनवर माझं नाव. पुन्हा पुन्हा माझंच नाव.

मी ऍम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडून बाईंनी विचारलं, काय झालंय, मग पत्ता विचारला. म्हणाल्या, "सर, तुम्ही पालीत धरणापाशी आहात ना?" मी त्यांना सांगितलं, मॅडम, लोकेशन तुमच्याकडं आपोआप आलेलं असतं, त्यावर गाडी पाठवा, वेळ घालवू नका. त्या परत काहीतरी विचारत होत्या. मी फोन ठेवला. अप्पांकडं बघायचं होतं.

सिदू म्हणाला, "पाली कावून म्हनाली ती?" मी म्हणालो, ऐकण्यात चूक झाली असेल.

वाट बघितली. हायवेवरून किती गाड्या गेल्या, एकही आमच्यासाठी थांबली नाही. अप्पा काहीतरी बोलत होते, शब्द होत नव्हते. शेवटी सिदू डोक्याचा पटका सोडून हायवेच्या मधोमध जाऊन उभा राहिला. एक कांद्याचा पिकअप थांबला. आम्ही अप्पांना पोत्यांवर निजवलं. सिदूनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मांजरसुंब्याचा घाट उतरेपर्यंत तो एकच बोलत होता, "अप्पा, डोळे झाकू नका. माझ्याकडं बघा."

पालीला धरणाच्या फाट्यावर ऍम्ब्युलन्स उभी होती. दिवा फिरत होता. आजूबाजूला कुणी नाही. ड्रायव्हर पाण्याच्या बाजूला जाऊन खाली बघत होता. रविवारी मी जिथे बसलो होतो, तिथंच.

त्याला वाटलं होतं, कुणी बुडालंय.

अप्पांना ऍम्ब्युलन्समध्ये हलवलं. माझा फोन उघडून बघितला. लोकेशन रविवारपासून बंद. फोनमध्ये शेवटचं राहिलं होतं ते धरणावरचं.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीण होती. म्हणाली, मेंदूत गुठळी आहे. एक इंजेक्शन असतं, पण झटका आल्यापासून थोड्या तासांतच देता येतं. नंतर दिलं तर रक्तस्राव होऊ शकतो. "शेवटचं नीट बोलताना-चालताना तुम्ही त्यांना कधी पाहिलं?"

मी म्हणालो, मी घरातच होतो.

ती म्हणाली, "ते नाही विचारलं. शेवटचे ठीक कधी होते?"

अप्पांचे मिस्ड कॉल कधीचे ते बघून सांगितलं. ती म्हणाली, ते मदतीला फोन करतायत म्हणजे झटका त्याच्या आधीच आलेला. सकाळी ठीक होते का? उठले तेव्हा? काल? मी आठवत होतो. सकाळी शिवानी निघाली तेव्हा अप्पांचा आवाज आला होता का नव्हता. सिदू म्हणाला, मी दुपारी आलतो तवा ते पडलेलेच होते.  मग डॉक्टरणीनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि नर्सला सांगितलं, इंजेक्शन नाही, बाकीचं सुरू करा.

शिवानी पाटोद्याहून येतेय. तिला काय सांगायचं ते जुळवतोय.

१९ जानेवारी, सोमवार

अप्पा वाचले. डावा हात, डावा पाय हलत नाहीत. बोलणं जवळजवळ नाही.

माझा अभिप्राय मागे घेतो अशी मेल शनिवारी केली होती. सेक्शन सात वाचलं नव्हतं, तेही लिहिलं. एवढं सरळ पत्र मी आयुष्यात लिहिलं नसेल. आज गटप्रमुख बाईंचं उत्तर आलं. सौजन्यानं लिहिलंय. सेक्शन सातवर बऱ्याच जणांनी हरकत घेतली होती. जुन्या लोकेशनचा नियम अजून पक्का नाही, म्हणून मसुदा परत घ्यायचं बुधवारीच ठरलं. यादीवर तसं कळवलं होतं, तुमच्या नजरेतून मेल सुटली असावी. शुक्रवारी आलेल्या अभिप्रायाची त्यामुळे गरज पडली नाही. वेळ दिल्याबद्दल आभार.

म्हणजे शुक्रवारी माडीवर जे चाललं होतं, ते काही चाललंच नव्हतं.

शिवानीनं विचारलं, कुणाची मेल. म्हणालो, ऑफिसची.

संध्याकाळी हॉस्पिटलात अप्पांना उशा लावून बसवलं. शिवानी पेज भरवत होती. मधेच अप्पा काहीतरी म्हणायला लागले. एकच आवाज, पुन्हा पुन्हा. मी वाकून कान दिला. कळेना. पाणी हवंय का विचारलं, पाठ दुखतेय का विचारलं. शिवानीला कळलं. म्हणाली, ते विचारतायत, "घरी गेल्यावर दिवसभर माझ्यापाशी कोण राहणार?"

मी म्हणालो, अप्पा, मी हाय ना घरात.

अप्पांनी शिवानीकडं पाहिलं.