वहिनीच्या मशीनवरची पाटी

चि. सौ. धाकटीस दादाचे मनापासून आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. मी ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस.

मुलाने मला इथल्या इतिहास मंडळात बिनपगारी कामाला लावलंय. लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू हातमोजे घालून पुसायच्या. बरोबरच्या शिकाऊ पोरी मलाच "जुना माल" म्हणतात. गमतीनेच म्हणत असतील.

परवा पुसायला तुझ्या वहिनीचं शिलाई मशीन आलं. सूनबाईने मला न विचारता देऊन टाकलंय. वर पाटीवर तिच्या आईचं नाव. विहीणबाईंनी जन्मात कधी बटण लावलं नाही.

मी चिटणीसबाईंना म्हटलं, मशीन परत नको, फक्त नाव बदला. त्यांनी माझ्यासमोरच मुलाला स्पीकरवर फोन लावला. तो म्हणाला, "ते सासूबाईंचंच. आईचं कधीच भंगारात गेलं. बाबांचं हल्ली डोकं चालत नाही, मनावर घेऊ नका." पोरी तोंड दाबून हसल्या. मग बाई म्हणाल्या, "आजोबा, पाटीही पुसा." मी पुसली.

जेवणखाण वेळेवर होतं, काळजी करू नकोस.

तुझ्या वहिनीच्या मशीनच्या चाकाची मूठ तुटली तेव्हा मी लाकडी बसवली होती. मंडळातल्या या मशीनचीही मूठ लाकडीच आहे. पण घरी रात्रंदिवस 'डोकं चालत नाही' हेच ऐकून आता मलाच खात्री वाटेनाशी झालीय. तू त्या मशीनवर शिवायला शिकलीस. मूठ लाकडीच होती ना? नसेल तर तसंही लिही, पण लवकर कळव.

तुझा,
दादा