गोल्टीची चौथी कॅसेट

मी, चांगदेव सखाराम कुऱ्हाडे, वय वर्षे ७१, धंदा रेडिओ-टेप दुरुस्ती व ध्वनिमुद्रण (सध्या बंद), राहणार आळे, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि सकाळचा चहा झाल्यावर स्वहस्ते लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी वेगळा कागद दिला, तो जोडलेला नाही. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. आळ्यातलं राहतं घर स्वकष्टार्जित असून ते माझी मुलगी हर्षाली हिला मिळावं. तिची आई कै. ठमाबाई हिने त्याच्या भिंतींना स्वतः पाणी मारलं आहे. घर विकायचं तर खुशाल विकावं, मी बघायला येणार नाही.

२. आळेफाट्यावरचा दुकानाचा गाळा पुतण्या आदेश याला मिळावा. त्याला तिथे मोबाईलची कव्हरं विकायची आहेत. विकू दे. मात्र 'साळुबाई रेकॉर्डिंग सेंटर' ही पाटी उतरवायची नाही. साळुबाई माझी आई. तिने गळ्यातली बोरमाळ मोडून मला पहिली टेप घेऊन दिली होती.

३. सोल्डरिंग गन, मीटर, स्क्रू ड्रायव्हरचा डबा व पेटीतले सुटे भाग ज्याला वापरता येतील त्याला द्यावेत. आदेशला देऊ नयेत.

४. आता मुख्य मिळकत. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात 'गोल्टी' या बँडच्या चार कॅसेट आहेत. त्या कुणाला द्यायच्या हे सांगण्याआधी बँड काय होता ते लिहावं लागेल, कारण आमच्या भागात बँड म्हटलं की लोकांना वरात आठवते.

कांदा निवडताना जो बारका माल बाजूला काढतात त्याला गोल्टी म्हणतात. ओतूरच्या कॉलेजातल्या चौघांनी १९९८ साली स्वतःला ते नाव घेतलं. लोणीचा भरत वाळुंज गायचा आणि गिटार वाजवायचा; शिकायला तो ओतूरला मावशीकडे होता. ओतूरचा रुपेश गायकवाड दुसरी गिटार वाजवायचा आणि सगळी गाणी रचायचा. वैजयंती बेस वाजवायची. मुलगी असून एवढं जड वाजवते म्हणून लोक बघायला यायचे आणि मग ऐकत उभे राहायचे. ड्रमवर सूरज. तो २०१४ साली काविळीने गेला. त्याच्यासारखा ठोका मी पुन्हा ऐकला नाही आणि ऐकायची इच्छाही नाही.

हे संगीत ग्रंज प्रकारचं, असं रुपेशने मला सांगितलं. पुण्याच्या मामाकडे त्याने तसल्या कॅसेट ऐकल्या होत्या. सुरुवातीला पुटपुटायचं, मग अचानक गळा फाटेस्तोवर ओरडायचं, आणि गिटारचा आवाज मुद्दाम फाटका ठेवायचा. माझी उभी हयात फाटलेला आवाज नीट करण्यात गेलेली. पहिल्यांदा त्यांनी अँप्लिफायर दुकानात ठेवला तेव्हा मी दोन दिवस खपून तो साफ दुरुस्त केला, पैसेही घेतले नाहीत. रुपेशने तार छेडली आणि त्याचं तोंड उतरलं. "काका, परत बिघडवा की," तो म्हणाला. मी बिघडवून दिला. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

५. कॅसेटींचा तपशील येणेप्रमाणे.

पहिली, 'गोल्टी', जानेवारी १९९९, सहा गाणी. भरतच्या चुलत्यांच्या रिकाम्या कांदाचाळीत भरली. चाळीला भिंती नसतात, फटीफटीतून वारा खेळतो, म्हणून चारी बाजूंनी बारदानं टांगली. तिसऱ्या गाण्यात चुलते "जेवायला येताय का" असं विचारतात. ते काढू नका, असं वैजयंतीने बजावलं होतं.

दुसरी, 'थ्री फेज', २००१, सात गाणी. शेताची लाईट आली की शेजारचे पंप सुरू व्हायचे, विजेचा दाब पडायचा आणि टेप हळू फिरायची. त्यामुळे आता लावली की भरतचा आवाज बारीक येतो. जाणकार या कॅसेटला नावं ठेवतात. जाणकार म्हणजे आदेश. मला हीच सगळ्यांत आवडते.

तिसरी, जत्रेतली, २००२. एका गावाच्या जत्रेत, गावाचं नाव लिहीत नाही, यात्रा कमिटीने दुसऱ्या गाण्यानंतर वायर काढली कारण शर्यतीच्या घाटात बैलगाडे जुंपले होते. वायर काढणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही व या मृत्युपत्राद्वारेही करत नाही.

६. चौथीबद्दल मी बावीस वर्षं कुणाशी बोललो नाही. ते आता लिहितो.

'वरून पाणी' हे रुपेशने त्याच्या आजीवर रचलेलं गाणं. द्रौपदा आजीच्या लहानपणी तिच्या घरच्यांना विहिरीला हात लावू देत नसत. कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेल म्हणून ती पोर ओंजळ धरून दुपारभर उभी राहायची. पुढे ५६ च्या धर्मांतरानंतर तिच्या वडिलांनी घरातले देव बाहेर ठेवले आणि ती कुणापुढे ओंजळ धरीनाशी झाली. अर्ध्या तासाचं ते एकच गाणं. एप्रिल २००३ मध्ये माझ्या दुकानात, एका दमात भरलं. भरत ते गाताना शेवटी रडला आणि तसाच गात राहिला. तसं पुन्हा जमणार नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं.

कॅसेट भरून झाली की तिच्या पाठीवरचे दोन बारके दात मोडायचे, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. ही माझी शिस्त. त्या दिवशी मी डोळे पुसण्यात राहिलो. प्रतही काढलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी गावच्या सप्त्याची सांगता. काल्याच्या कीर्तनात महाराज रंगले, माझ्या कोऱ्या कॅसेट संपल्या. धावत दुकानात आलो, अंधाऱ्या खणातून हाताला लागली ती घेतली आणि तिच्यावर कीर्तन भरलं.

कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी रुपेश कॅसेट न्यायला आला. मी सगळी कपाटं उलटीपालटी केल्याचं नाटक केलं आणि म्हणालो, "भरत आलता काल सकाळी. त्यानं काय नेलं असंल तर मला ठाव न्हाई." भरत आला होता हे खरं होतं. तो गिटारची वायर न्यायला आला होता.

रुपेशच्या मनात काय आलं असेल ते मला तेव्हाच कळलं. भरत बागायतदाराघरचा, आणि गाण्यातली विहीरही तसल्याच कुणाच्या शेतातली. घरच्यांनी दम दिला आणि याने गाणं पुसलं, असं त्याला वाटलं. त्याने भरतला विचारलं. तू मला असा समजतोस, एवढं बोलून भरत उठून गेला. गोल्टी तिथे संपली. रुपेश आज नारायणगावात मोटार रिवाइंडिंग करतो, भरत लोणीत डाळिंबं करतो. सूरजच्या दहाव्यालाही दोघे घाटाच्या दोन टोकांना उभे होते. मी मधे उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. मी भित्रा माणूस आहे, हे इथे नमूद करतो.

७. महाराजांचं कीर्तन बाजू संपायच्या थोडं आधी आटोपलं. त्यामुळे 'पुंडलिक वरदे' नंतर खट्ट असा आवाज येतो आणि पुढे दीड मिनिट गाणं शिल्लक आहे. या कॅसेटचे दात आता मोडलेले आहेत.

८. वकील म्हणाले, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. ऐकताक्षणी ठरवलं की भरत आणि रुपेश यांना काहीही द्यायचं नाही. चारही कॅसेट व त्या वाजवणारी टेप सूरजची मुलगी समृद्धी हिला मिळावी. ती बापाचे ड्रम वाजवते आणि बरं वाजवते.

९. दोन्ही साक्षीदारांना मी वेगवेगळे फोन केले आहेत. दुसरा कोण हे सांगितलेलं नाही. सही करण्याआधी मी त्यांना कलम सहा मोठ्याने वाचून दाखवणार आहे. मग ते सही न करता उठून गेले तरी त्यांचा दोष नाही, आणि हा कागद फुकट गेला तरी चालेल.

खालचा मजकूर आज दुपारी वाढवला आहे.

साक्षीदार आले. भरतने रुपेशला बघितलं आणि चप्पल काढलीच नाही, उंबऱ्यातच उभा राहिला. मी वाचलं. मला शिव्या मिळतील असं वाटलं होतं, मी तयार होतो. मग मी कॅसेट लावली. कीर्तन संपलं, खट्ट झालं, आणि दीड मिनिट सूरज वाजवत होता, वैजयंती वाजवत होती, भरत रडत गात होता. टेप आपोआप थांबली.

रुपेश माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, बावीस वर्षं मी याच्या गावाची यष्टी बी धरली न्हाई." मी हात जोडले. त्याने ते धरले नाहीत, पण तो गेलाही नाही.

मग तो भरतकडे वळला. "मी तुला इचारायलाच नको व्हतं."

भरतने चप्पल काढली आणि आत येऊन त्याच्याशेजारी बसला. "पुसलं गेलेलं गाणं आठवतंय का तुला?" त्याने विचारलं.

"समदं आठवतंय."

"मला बी."

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून, वाचून, दोघांच्या देखत सही केली असे.

(सही) चांगदेव सखाराम कुऱ्हाडे

आम्ही खाली सह्या करणारे एकाच वेळी, एकाच बाकावर बसून, एकमेकांसमक्ष साक्ष देतो:

१. (सही) भरत वाळुंज, रा. लोणी, ता. आंबेगाव
२. (सही) रुपेश गायकवाड, रा. ओतूर, ता. जुन्नर. काकांना अजून माफ केलेलं नाही. रविवारी गिटार घेऊन येतो. कोरी कॅसेट भरून झाली की तिचे दात मी स्वतः मोडणार.

स्थळ: आळे
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५