उभ्यानं घेतलेली ग्रामसभा

३ फेब्रु., सोम.
सरपंच होऊन महिना झाला. वाळूजच्या आपल्या कारखान्यात मी म्हणेन ती पूर्व. इथं पंखा लावायचा तरी ठराव लागतो. पण मजा येतेय, खोटं कशाला लिहू! डोक्यात एकच काम: धनगरवस्तीला नळ. बायका अजून माळ उतरून विहिरीवर येतात. वस्तीवरची काशीबाई म्हणाली, "लई सरपंच पाहिले, ताई. तुमाला बी पाहू." झोंबलं.
कारखाना फोरमन अय्युबभाई सांभाळतायत. माझ्यापेक्षा बरा चालवतील. (त्यांना सांगायचं नाही.)

८ फेब्रु., शनि.
उद्या ग्रा.सभा. ग्रामसेवक म्हणतात, लोक तासन् तास भांडतात, ठराव राहतो. उपाय आहे माझ्याकडे! कारखान्यात सकाळची मीटिंग आम्ही उभ्यानं घेतो. पाय दुखले की माणूस मुद्द्यावर येतो. सतरंज्या, खुर्च्या, सगळं कुलपात टाकलं. स्वतःवर जाम खूश.

९ फेब्रु., रवि.
फजिती!! बसायला काही नाही, म्हणून सगळं गाव उभं. मी घसा खाकरला, तर सगळ्यांनी हात बांधून माना खाली घातल्या. गावातले सगळ्यात वडील तात्या शेजारच्याला हळूच, "कोण गेलं रं?" इथं सभा उभी राहते ती श्रद्धांजलीलाच. मला उमगेपर्यंत शांतता पाळून झाली आणि लोक घरी! नळाचा ठराव तसाच.
अ.भाईंना फोनवर सांगितलं. त्यांना हसू आवरेना. "मॅडम, गाँव है, कारखाना नै! लोगां को बिठाओ, चाय पिलाओ."

२३ फेब्रु., रवि.
पुन्हा सभा. सतरंज्या, चहा, भांडणं, सगळं रीतसर. एकजण म्हणाला, वस्ती लांब, माणसं मेंढ्यांमागं फिरतीवर, नळ कुणासाठी? मी तोंड उघडणार होते, पण गप्प बसले. (मी! गप्प!) मागून काशीबाई उभी राहिली. इथं बाई सभेत बोलायला उठत नाही. एकदम सामसूम. त्यात तात्या, "आता कोण गेलं?"
हशा. काशीबाईनं पदर खोचला. "कोनी नाय गेलं, तात्या. आमी जित्ते हाव वस्तीवर. म्हनून तर पानी मागतो."
हात वर झाले. पहिला तात्यांचा. मी हसत होते आणि डोळेही पुसत होते.

३ मार्च, सोम.
ठराव तालुक्याला गेला. मंजुरी, मग पाइप. कधी, ते ग्रामसेवकांनाही ठाऊक नाही. अ.भाई विचारतात, "वापस कब आते, मॅडम?" म्हटलं, वस्तीला पाणी आलं की. "कौनसे साल?" दोघं हसलो.
संध्याकाळी वस्तीवर गेले. नळ जिथं हवा तिथं काशीबाईनं दगड रोवून हळदकुंकू वाहिलंय. शेजारी रिकामा हंडा. मी नुसती उभी.
"बसा की, ताई. पानी आलं तर हितंच येईल."
बसले.