बाहेरची कडी

आई, आज वर्गात उंदराचा प्रयोग शिकवताना मी मध्येच थांबले. मुलांना वाटलं, मॅडमना पाणी हवंय. सेरोटोनिन कमी झालं की माणूस उदास, हे पाठ करून आलेल्यांची मी दरवर्षी खरडपट्टी काढते; इतकं सोपं असतं तर तुला एक गोळी पुरली असती. मेंदूत न्यूरोपेप्टाइडंही असतात, प्रथिनांचे तुकडे म्हण हवं तर. त्यातलं एक ताणाच्या वेळी सेरोटोनिनच्या पेशींना डिवचतं. त्रास थांबवणं ज्या उंदराच्या हातातच नसतं, त्याच्या या पेशी इतक्या चेकाळतात की पुढे वाट मोकळी ठेवली तरी बाहेर पडायला तो शिकत नाही. कोपऱ्यात बसून राहतो. हे बोलता बोलता मला आपलं क्वार्टर दिसलं.

बाबांच्या कारखान्याची ती टाउनशिप. सगळी घरं एका साच्यातली, दारं एकाच हिरव्या रंगाची. सांगली सोडून भोपाळला येऊन दोन वर्षं झाली होती आणि तू बोलणं जवळपास टाकलं होतंस. मी दहावीत. शाळेतून येतेय, तर मागच्या ओळीतल्या काकू हाक मारतात, "अरे बिटिया, मम्मी को ले जाओ, हमारे किचन में चाय बना रही हैं." तू खरंच त्यांच्या ओट्याशी उभी राहून आलं किसत होतीस. दारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. वाटेत मी डाफरले, "लक्ष कुठे असतं तुझं? स्वतःचं घर कळत नाही?" तू म्हणालीस, "चहाचा डबासुद्धा तिथेच होता गं. कुठल्याही दारातून आत गेलं तरी मी इथेच." मला तो वेडेपणा वाटला. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेला जाताना मी बाहेरून कडी लावायला लागले. मागच्या अंगणाची भिंत तुझ्या डोक्याहून उंच. बाबा माझ्या आधी शिफ्टला जायचे, त्यांना पत्ताच नव्हता. पहिले काही दिवस तू आतून दार वाजवायचीस, मी वळणापर्यंत ते ऐकत जायचे. मग वाजणं थांबलं. म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

परीक्षेच्या आधी माझं मनच मला खायला लागलं आणि मी कडी लावणं सोडलं. तू मात्र शेवटपर्यंत एकटी त्या दाराबाहेर पडली नाहीस. बाबा म्हणायचे, "तिला घरातच बरं वाटतं," आणि मी मान डोलवायचे.

आज एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग तो उंदीर कधीच शिकत नाही?" मी म्हटलं, हाताला धरून पुन्हा पुन्हा बाहेर काढलं तर काही शिकतात. तास तिथेच संपवला.

हे पत्र बाबांनाही दाखवणार नाही. आई, दार उघडं आहे हे मी तुला कधी सांगितलंच नाही. सांगितलं असतं, तर आधी ते मीच बंद केलं होतं हे कबूल करावं लागलं असतं.