प्लीज गेट आउट, बाई!

सोमवार, ३ मार्च

घ्या! नवे मालक येऊन आठवडा नाही झाला तोच फर्मान — आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये यापुढे शिकवणं इंग्रजीतून. ‘गिऱ्हाईक आता चार ठिकाणचं येतं. तुमचं दाबा-सोडा-वळवा त्यांना काय कळणार?’ महिनाअखेरीला इन्स्पेक्टर गाडीत बसून आम्हा शिकवणाऱ्यांची तपासणी करणार. जो नापास तो घरी.

इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून लोकांचे जीव वाचवतोय. मराठीतच वाचवलेत ना!

मालकांनी शब्द सांगितलेत. पुल इन, पुल आउट, पुल अप, पुल ओव्हर. जिकडेतिकडे ओढायचंच! काय ओढायचं ते कुणी सांगत नाही. जेवताना घोकत होतो. ही म्हणाली, ‘पुलोव्हर? एवढ्या उकाड्यात?’

मंगळवार, ४ मार्च

मुदत मागायला मालकांकडे गेलो. बोलता बोलता अडखळलो, तर हात हलवून म्हणतात, ‘गो ऑन, गो ऑन.’

जा म्हणाले, आलो निघून. दारही लावून घेतलं.

गुरुवार, ६ मार्च

देव पावला! नवीन शिकाऊ आल्या त्या रिटायर झालेल्या इंग्रजीच्या बाई. साठी ओलांडलेल्या, ताठ, चष्म्याला दोरी. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला आणि मग माझं इंग्रजी नीट करायला घेतलं.

मी म्हटलं, ‘बाई, क्लच दाबा, फर्स्ट टाका. आता गो ऑफ!’

‘मास्तर, दूध गो ऑफ होतं, म्हणजे नासतं. घड्याळाचा गजर गो ऑफ होतो, म्हणजे वाजतो. बॉम्बसुद्धा होतो. गाडीला मूव्ह ऑफ म्हणायचं.’ हे सांगताना क्लचवरचा पाय उचलला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

‘ही काय झाली?’ मी विचारलं.

‘ही गो ऑफ झाली,’ बाई म्हणाल्या.

मालकांचं ‘गो ऑन’ही विचारून घेतलं. म्हणजे ‘पुढे बोला’! बाई हसत हसत स्टिअरिंगवर पडल्या. हॉर्न वाजत राहिला. अख्खी गल्ली खिडकीत.

आता उद्या कुठल्या तोंडाने मालकांसमोर जाऊ?

सोमवार, १० मार्च

आमचं ठरलं. मी त्यांना गाडी शिकवणार, त्या मला इंग्रजी. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला मास्तर. दोघंही एकमेकांना भितो.

आजचा वाद उतरण्यावरून. मी ‘गेट डाउन’ म्हणालो. बाई म्हणतात, घोड्यावरून, शिडीवरून गेट डाउन. बसमधून गेट ऑफ. गाडीतून — गेट आउट.

‘नाही बाई. तुम्हाला गेट आउट मी म्हणणार नाही.’

‘मास्तर, मी सांगतेय ना!’

‘आमच्या आईने तसं वळण लावलेलं नाही.’

शेवटी मध्यममार्ग निघाला. चौकात गाडी उभी केली, मी मोठ्यांदा म्हणालो, ‘प्लीज गेट आउट, बाई!’ समोरचा चष्मेवाला दुकान सोडून धावत आला. माझी कॉलर धरली. ‘वय बघा त्यांचं! लाज नाही वाटत?’ बाईंनी त्याला तिथेच उभं करून शिकवलं. तोही दोनदा म्हणून गेला.

बुधवार, १२ मार्च

बॅक अप म्हणजे मागे घेणे. मागेच जायचंय तर ‘अप’ कशाला? ‘भाषेला असले प्रश्न विचारू नयेत,’ बाई म्हणाल्या आणि कचऱ्याचा डबा आडवा केला.

सोमवार, १७ मार्च

आजचा शब्द रन इनटू. बाई समजावत होत्या, ‘याचे दोन अर्थ, मास्तर. एक, ओळखीचं माणूस अचानक भेटणं. दुसरा —’

दुसरा झालाच. उभ्या गाडीला हळूच, पण ठाम धक्का. दार उघडून आमचे मालक उतरले.

‘दोन्ही अर्थ,’ बाई म्हणाल्या.

मालकांनी बंपर पाहिला, मला पाहिलं. ‘तपासणीला याच बाईंना घेऊन बसा,’ म्हणाले. गोड आवाजात. हा माणूस मला घालवणार!

बुधवार, १९ मार्च

आज सरळ रस्ता होता, म्हणून विचारलं. बाई, या वयात गाडी कशाला?

रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, ‘जन्मभर वर्गात वाक्यं घातली. ती बाहेर जाते. ती निघून जाते. ती परत येते. फळ्यावरची प्रत्येक “ती” कुठे ना कुठे जायची, मास्तर. मी आपली शेजारच्या सीटवर. हे चालवायचे, मी पर्स सांभाळायची. हे गेले. मुलगा फोनवर म्हणतो, कुठे जायचंय तुला? मला उत्तरच देता येईना. कुठे ते नंतर बघू म्हटलं. आधी जाता तर यायला हवं.’

‘बाई, थर्ड टाका,’ मी म्हणालो.

थर्ड सुरेख पडला.

सोमवार, २४ मार्च

झोपेत मी ‘स्लो डाउन, स्लो डाउन’ करतो म्हणे. ही म्हणते, घोरणंसुद्धा आता इंग्रजीत आहे.

शुक्रवार, २८ मार्च

झाली तपासणी.

इन्स्पेक्टर साहेब मागे बसले. उंच, वाळलेले, मिशी पांढरी. हसण्याचा संबंध नाही. मी सुरू केलं — मूव्ह ऑफ, स्लो डाउन, पुल ओव्हर. सगळं तोंडातून धडाधड! बाईही हुकमी चालवत होत्या. मला वाटलं, जिंकलं.

मग साहेब म्हणाले, ‘नाउ रिटर्न बॅक.’

बाईंनी गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला. मागे वळल्या.

‘रिटर्नमध्येच बॅक आलं, साहेब. नुसतं रिटर्न म्हणा, नाहीतर गो बॅक.’

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ‘गो बॅक,’ ते म्हणाले. अगदी वर्गातल्यासारखे.

परत फिरलो. तर फर्निचरच्या दुकानातून एक माणूस थेट रस्त्यात! डोक्यावर डबल गादी, डोळ्यांपर्यंत झाकलेला. माझं सगळं इंग्रजी जागच्या जागी आटलं.

‘थांब गं!’ मी ओरडलो.

माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर पोचायच्या आत गाडी उभी! साहेबांचं कपाळ माझ्या सीटवर आपटलं. गादी आमच्या समोरून डुलत डुलत गेली. त्या माणसाला पत्ताच नाही.

‘काय म्हणालात तुम्ही?’ साहेबांनी विचारलं.

‘स्टॉप, साहेब.’

‘त्याच्या आधी.’

‘... थांब गं, साहेब.’

‘नियम इंग्रजीचा आहे.’

बाई आरशात बघून म्हणाल्या, ‘स्टॉप म्हटलं की मी विचार करते, नाम की क्रियापद. थांब गं म्हटलं की पाय आपोआप जातो. गादीवाल्याला यातलं कुठलं परवडलं असतं?’

साहेब कपाळ चोळत नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. उतरले, वहीत काहीतरी खरडलं आणि गेले. गेलीच नोकरी!

बाईंची माफी मागितली. एकेरीत हाक मारली, चुकलं.

‘चुकलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘बऱ्याच दिवसांनी कुणीतरी गं म्हणालं.’ आणि चष्मा पुसत बसल्या.

बुधवार, २ एप्रिल

पास!!! शेरा असा — ‘संकटात जी भाषा आधी येईल ती चालेल.’ मालकांनी तो स्वतः वाचून दाखवला. अर्ध्यात अडखळले. मी म्हटलं, ‘गो ऑन, गो ऑन.’

शनिवार, ५ एप्रिल

बाईंना लायसन्स मिळालं. आरटीओ ऑफिसच्या पायऱ्यांवरूनच त्यांनी ते मला फडकावून दाखवलं. हिला सांगताना मी रुमाल काढला. ‘अहो, मुलगी सासरी गेल्यासारखं काय!’ ही म्हणाली.

मंगळवार, ८ एप्रिल

इन्स्पेक्टर साहेबांचा फोन. निकाल फिरवला की काय! पण साहेब उगाच उकाड्याबद्दल बोलत बसले. मग आवाज एकदम बारीक. ‘या महिन्यात रिटायर होतोय. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरी माझं चुकलं तर सांगणारं कुणी नाही. त्या बाईंना... रागावणार नसतील तर... एकदा चहाला विचाराल?’

बाईंना फोन करून विचारलं.

म्हणाल्या, ‘बसने येऊ नका म्हणावं. पाच वाजता घराखाली उभे राहा म्हणावं. मी येते न्यायला.’